पहिला फोन कोणाचा

वरची तारीख नवी आणि आतला मजकूर जुना असा कागद हातात आला की गजभिये बाई तो टेबलावर आपटत आणि विचारत, "हे कोणाले फसवून राहिले तुम्ही?" समोर साहेब असोत की शिपाई, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. मी त्या कंपनीत स्टेनो म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. कँटीनची नोटीस मी नुसती तारीख बदलून पुन्हा टाइप केली होती. तक्रार असल्यास अमुक आचाऱ्याला भेटावे, असं तिच्यात होतं. तो आचारी तीन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता.

"आता तुह्या पोळीत केस निघाला त कोणाले भेटशीन? त्याच्या गावी जाशीन का?"

मला मराठीत पटकन उत्तर सुचत नसे आणि इंग्रजीत सुचलेलं तिथे चाललं नसतं. माझं सगळं शिक्षण सदरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, घर धरमपेठेत. बाई मला नावाने हाक मारत नसत. "काय वं कॉन्व्हेंट," म्हणत.

आमची कंपनी कोराडी रस्त्यावर होती. ऑक्सिजन तयार करून सिलिंडरमध्ये भरायचा आणि गावभर पोचवायचा, एवढंच काम. निम्मी गिऱ्हाइकं लोखंड कापणारी आणि वेल्डिंगवाली, निम्मे दवाखाने. यंत्र मात्र एकच. ते बंद पडलं की शेडमध्ये भरून ठेवलेले सिलिंडर असतील तेवढ्यावर सगळ्यांचं भागवायचं.

गजभिये बाई टेलिफोनच्या बोर्डावर बसत. त्यांची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी होती, त्यामुळे त्यांचा दिवसभराचा सगळा संवाद मला ऐकू यायचा. त्या 'हॅलो' म्हणत नसत. "बोला," म्हणत, आणि समोरचा खरोखर कामाचं बोलेपर्यंत गप्प राहत. इंदोऱ्याहून बसने येत. वय पस्तिशीच्या आसपास. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी आईचं बोट धरून गेल्या होत्या आणि गर्दीत चप्पल हरवली, एवढं एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. मीटिंगला त्यांना कधीच बोलावलं जात नसे. कारण असं दिलं जाई की बोर्ड सोडता येत नाही. ते खरं होतं. दुसरंही एक कारण होतं, ते कोणी तोंडाने म्हणत नसे, पण मीटिंगच्या चहाचा ट्रे आमच्या दोघींच्या दारावरून जाताना कप फक्त माझ्यासमोर ठेवला जाई. मी तो पीत असे. हे लिहिताना मला माझाच राग येतो.

मी लागले त्या वर्षी मुंबईच्या हेड ऑफिसचं एक पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या आमच्या शाखेत आग लागली होती आणि नंतर तिथे दोन दिवस कोणाला कळलं नव्हतं की आधी काय सुरू करायचं. म्हणून प्रत्येक शाखेने लिहून काढायचं: कोणतं काम बंद पडलं तर कोणाचं काय नुकसान होतं, किती तासांत होतं, आणि पुन्हा सुरू करताना पहिला नंबर कोणाचा. दर वर्षी ते नव्याने तपासायचं. पत्रात त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ऑफिसात सगळे 'बंदचा रिपोर्ट' म्हणत.

साठे साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं. प्रत्येकाने आपल्या कामापुढे लिहून दिलं की हे काम एक तासही बंद राहू शकत नाही. अकाउंट्सने लिहिलं, खरेदीने लिहिलं, कँटीनच्या सुपरवायझरनेही लिहिलं. मी ते सुंदर टाइप केलं. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी विचारलं तेव्हा मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"सगळेच पहिले?" बाई म्हणाल्या. "मंग आग लागल्यावर सगळे एकाच दारातून एका टायमाले बाहेर पडतीन का?"

"विभागप्रमुखांनीच सांगितलंय, बाई."

"त्याहिले विचारून काय होते वं? आपलं काम बिनकामाचं हाय असं कोणता साहेब सांगन? काम बंद पडल्यावर जो रडन, त्याले विचारा लागते."

त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा प्रश्न सगळ्यांना एकच असे: "तुम्ही उद्या आले नाही त पहिला फोन कोणाचा वाजन?" गाड्या रवाना करणारे लांजेवार साहेब म्हणाले, "माझं काय विचारता, सगळ्यांचेच वाजतील." बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुम्ही चार दिवस आले नव्हते, लांजेवार साहेब. बोर्डावर मीच होती. एकच फोन आला. तुमच्या घरून. साहेब ऑफिसात हायेत का, म्हणून." लांजेवार पुढे आठ दिवस आमच्या बाजूला फिरकले नाहीत.

या प्रश्नातूनच रहमतभाई सापडले. शेडच्या मागे बसून ते भरलेल्या प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह तपासत आणि त्यावर खडूची खूण करत. खूण नसलेला सिलिंडर गाडीत चढत नसे. हे काम येणारा कंपनीत दुसरा कोणी नव्हता, आणि रिपोर्टच्या बावीस पानांत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी ते लांजेवारांना सांगितलं, लांजेवार हसले. पंधरा दिवसांनी रहमतभाई बहिणीच्या लग्नाला गेले. त्या दिवशी भरलेल्या गाड्या दुपारपर्यंत फाटकात उभ्या होत्या आणि बाई प्रत्येक फोनवर थंडपणे सांगत होत्या, "गॅस हाय. गाडी हाय. खडू मारणारा लग्नात जेवून राहिला."

त्यानंतर साहेबांनी रिपोर्टमध्ये एक ओळ घालायला लावली. तपासणीच्या कामाचं महत्त्व प्रॉडक्शन मॅनेजरांच्या लक्षात आलं, अशी.

गिऱ्हाइकांची यादी मात्र पहिल्या वर्षी बाईंच्या वहीतूनच घेतली गेली, कारण दुसरीकडे ती नव्हतीच. शाळेची शंभर पानी वही. एका गिऱ्हाइकाला एक पान. मालकाचं नाव त्या लिहीत नसत. सिलिंडर प्रत्यक्ष बदलतो कोण, त्याचं नाव लिहीत. दवाखान्यात फोन केला की डॉक्टरांना मागत नसत, सिस्टरला मागत. "सिस्टर, दाराआड भरलेले किती उभे हायेत? अंदाजे सांगू नका, जाऊन पाहा. मी थांबतो." आणि त्या खरंच थांबत, बोर्डावरचे बाकीचे दिवे लुकलुकत असले तरी. मग किती उभे, किती तास पुरतील, संपले तर शेजारी कोणाकडे मिळतील, हे पेन्सिलीने लिहायचं आणि पुढे तारीख.

तीन महिने झाले की त्या ओळीवर काट. मजकूर खरा असला तरी काट. मी एकदा म्हटलं, यात तर काहीच बदललेलं नाही, मग कशाला खोडता?

"तुले कसं माहीत बदललं नाही? तू विचारलं का?" त्यांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली. "जागा रिकामी दिसली त माणूस विचारते. भरलेली दिसली त झोपून जाते."

पहिल्या वर्षीच्या यादीत साहेबांनी एकच बदल केला. कोराडीकडे वीजघराचं काम घेतलेला एक मोठा ठेकेदार होता, त्याला उचलून सगळ्यात वर ठेवलं. बाईंच्या वहीतल्या क्रमाने तो चौदावा होता. "लोखंड थांबते," त्या म्हणाल्या. "लोखंडाले काही होत नाही." हेड ऑफिसने रिपोर्ट मंजूर केल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवलं. साहेबांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

पुढच्या वर्षी उन्हाळा सुरू होताना रिपोर्ट पुन्हा पाठवायची वेळ आली. बाईंनी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. अकरा ओळी बदलल्या होत्या. त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. लकडगंजच्या पुढे एक लहान प्रसूतिगृह होतं. आधी त्यांना आठवड्याला एक सिलिंडर पुरायचा, म्हणून आमच्या यादीत त्यांच्यापुढे 'दोन दिवस थांबू शकतात' असं होतं. आता डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एक खोली काढली होती. जागा लहान, जिन्याखाली दोनच सिलिंडर मावायचे. आता दोन दिवस नव्हे, सहा तास.

मी वही घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी ती उघडली नाही.

"मागच्या वर्षीचा मंजूर झालाय ना? मग क्रम बदलला की मुंबईवाले विचारणार, गेल्या वर्षी चुकलं होतं का. फक्त तारीख बदला."

"सर, बाई म्हणत होत्या की..."

"बाई फोन जोडतात. तुम्ही टाइप करता. तारीख बदला."

मी तारीख बदलली. एक प्रत मुंबईला, एक साहेबांच्या कपाटात, एक लांजेवारांच्या ड्रॉवरमध्ये. बाईंकडे प्रत जात नसे. संध्याकाळी बसची वेळ झाली तेव्हा त्या फळीवरून डोकावल्या. "माह्यं सगळं टाकलं ना वं? लकडगंजचं?"

मी होकारार्थी मान हलवली.

का हलवली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आहे. त्या भांडतील, साहेबांच्या खोलीत जातील, आवाज चढेल, सगळे बघतील आणि मी मध्ये उभी असेन, एवढंच तेव्हा मनात आलं. मला कोणी बघितलेलं आवडत नसे. माझ्या भिडस्तपणाला घरी आणि शाळेत सगळे चांगला गुण म्हणायचे.

मे महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमारास यंत्र बंद पडलं. सुटा भाग मुंबईहून येणार होता, म्हणजे दोन दिवस तरी गेले. साहेबांनी कपाटातून रिपोर्ट काढला आणि लांजेवारांना सांगितलं, याप्रमाणे गाड्या काढा. एक वाजेपर्यंत गाड्या गेल्या. सगळं शांतपणे, शिस्तीत चाललं होतं. साहेब खूश दिसत होते, आणि रिपोर्टचा उपयोग झाला असं मोठ्याने म्हणालेही.

दोन वाजता प्रसूतिगृहाच्या सिस्टरचा फोन आला. मी फळीच्या या बाजूला होते. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"घाबरू नका सिस्टर. तुमचं नाव वर हाय. गाडी निघाली असन. किती उभे हायेत? एकच? चालते. दुसरीकडं पळापळ करू नका, येऊनच राहिली."

मी तेव्हा उठायला हवं होतं. फळीपर्यंत चार पावलं होती. मी समोरच्या पत्रातली एक चूक रबराने खोडत बसले आणि कागदाला भोक पाडलं.

पावणेचारला पुन्हा फोन आला. या वेळी सिस्टर बोलत होत्या आणि बाई ऐकत होत्या. मग बाईंनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं, लांजेवारांच्या टेबलाशी गेल्या आणि ड्रॉवर स्वतःच उघडला. पान काढून उभ्या उभ्या वाचलं. इंग्रजी त्यांना अडखळत का होईना, येत होतं. 'टू डेज' वाचायला फार इंग्रजी लागत नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेडमध्ये सहा सिलिंडर उरले होते. ठेकेदाराच्या दुसऱ्या खेपेसाठी बाजूला काढलेले. लांजेवार म्हणाले, साहेबांच्या सहीशिवाय हात लावता येणार नाही. साहेब कुठे आहेत? ठेकेदाराला धीर द्यायला गेले आहेत.

"त्याच्या लोखंडाले धीर देऊन राहिले," बाई म्हणाल्या. मग मला, "बस बोर्डावर."

वहीतून त्यांनी सदरच्या एका नर्सिंग होमचं पान काढलं. तिथे चार भरलेले उभे होते, तारीख सहाच दिवसांपूर्वीची. फोनवर त्या काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही, कारण त्यांनी बोलावल्यावरून रहमतभाई ऑटो घेऊन दारात आले होते आणि इंजिनाचा आवाज भरून राहिला होता. सदरहून दोन सिलिंडर उचलून बाई आणि रहमतभाई लकडगंजला पोचले तेव्हा जिन्याखालचा शेवटचा संपून वीस मिनिटं झाली होती. खोलीत दोन बाळं होती. एक वाचलं. दुसरं संध्याकाळी साडेसहाला गेलं. मुलगा होता.

डॉक्टर म्हणाले, तो तसाही फार अशक्त होता, ऑक्सिजन असता तरी सांगता आलं नसतं. ते भले गृहस्थ होते, समोर बाळाची आई होती, तिच्यासाठी ते बोलले असावेत. आमच्या कंपनीने ते वाक्य उचललं. पुढचा महिनाभर साहेब ते वाक्य प्रत्येकाला ऐकवत होते, जणू ते त्यांच्यासाठीच म्हटलं गेलं होतं.

आठ दिवसांनी बाईंना मेमो मिळाला. तो मीच टाइप केला. आरोप तीन. ग्राहकाला खोटं आश्वासन दिलं. परवानगीशिवाय बोर्ड सोडला. एका ग्राहकाचा माल दुसऱ्याला दिला. रिपोर्टचा उल्लेख कुठेही नव्हता.

बाई मेमो घेऊन माझ्या टेबलासमोर बसल्या. "उत्तर लिहा लागते. इंग्रजीत. मी बोलतो, तू ठोक."

त्यांनी बोर्ड का सोडला ते सांगितलं. सदरच्या डॉक्टरांनी राजीखुशीने सिलिंडर दिले ते सांगितलं. मी टाइप करत गेले. मग पहिला आरोप उरला. "गाडी निघाली असं मी सिस्टरले सांगितलं, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, कारण..." आणि थांबल्या. "इथं तू लिही. मी पाणी पिऊन येतो."

त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी लिहिलं की यादीत बदल केला आहे असं स्टेनोने त्यांना सांगितलं होतं, आणि ते खरं नव्हतं. मॅनेजरांनी फक्त तारीख बदलायला सांगितली होती. खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट. बाई परत आल्या, वाचलं, सही केली.

साहेबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं होतं नोकरी जाईल. "तुम्ही लहान आहात, भावनेच्या भरात लिहिलंत," ते म्हणाले. "वडिलांना नमस्कार सांगा." मला तोंडी समज मिळाली. बाईंना बोर्डावरून काढून मागच्या आवारात, रिकामे सिलिंडर मोजायला टाकलं. गुन्हा माझा मोठा, असं मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं. ते कोणी वाचायलाच तयार नव्हतं. अशक्त बाळ, तापट बाई, भाबडी मुलगी: सगळ्यांची जागा ठरवून झाली होती आणि त्यात साहेबांचा नंबर कुठेच लागत नव्हता.

तिसऱ्या वर्षी रिपोर्टची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, "तारीख बदला." बोर्डावर नवी मुलगी आली होती, ती जेवायला गेली की मी तिथे बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. तरी सिस्टरला मागितलं, जाऊन पाहून या म्हटलं, आणि थांबले. तीन आठवडे लागले. मग संपूर्ण यादी नव्या क्रमाने टाइप केली. ठेकेदाराला विसाव्या नंबरवर टाकलं. प्रसूतिगृह पहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. रिपोर्ट मुंबईला गेला, आणि महिन्याने तेच दोन ओळींचं पत्र आलं, शब्द न शब्द तेच. क्रम का बदलला, असं कोणी विचारलं नाही. म्हणजे साहेबांनी ज्यांना भिऊन त्या वर्षी वही उघडली नाही, तेही वाचत नव्हते. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि तो काढायला कोणी समोरही नव्हतं.

मी नोकरी सोडली त्या दिवशी यादीची एक प्रत घेऊन मागच्या आवारात गेले. दुपारचं ऊन होतं. बाई डोक्यावरून पदर घेऊन सिलिंडरच्या रांगांमध्ये उभ्या होत्या, हातात मोजणी लिहायची पाटी. मी कागद पुढे केला. त्यांनी पाटी काखेत धरली आणि वाचायला घेतलं. पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"कोणी सांगितलं तुले?"

"मी फोन केले. सगळ्यांना."

"सिस्टर कोण हाय तिथं आता?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि मी जे सांगायला आले होते ते मलाही सांगता येईल.

"हे मागच्या साली टाकलं असतं त?" त्या म्हणाल्या.

त्यांनी काखेतली पाटी पुन्हा हातात घेतली.

"जा, बाजूले हो. गाडी मागं येऊन राहिली."

मी बाजूला झाले. रिकाम्या सिलिंडरांची गाडी खडखडत आमच्या दोघींच्या मधून मागे आली आणि थांबली. फळका पडला, माणसं उतरवायला लागली. गाडीच्या पलीकडून बाईंचा आवाज येत होता, एक, दोन, तीन. मी तिथेच थांबून चाळीसपर्यंत ऐकलं, मग फाटकाकडे निघाले.